‘नो एरर’चा गोल

चुका काढण्यावर आमचं घर चालतं. हा टोमणा नाही, खरंच चालतं. धाराशिवच्या एसटी स्टँडामागं भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक पत्र्याचा हॉल आहे, तिथं माझा नवरा स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवतो. व्याकरण म्हणजे मुख्यतः वाक्यदुरुस्ती. इंग्रजी वाक्याचे तुकडे पाडून दिलेले असतात. कुठल्या तुकड्यात चूक आहे ते ओळखायचं आणि त्या पर्यायाचा गोल पेननं काळा करायचा. शेवटचा पर्याय असतो ‘नो एरर’, म्हणजे वाक्य बरोबर आहे, सुखानं पुढं जा.

आमच्या क्लासमध्ये सुखानं पुढं जायला बंदी होती. फळ्याच्या वर भिंतीवर लाल ऑइलपेंटनं नवऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, ‘शंका आली की चूक आहेच.’ नवीन मुलं आली की पहिल्याच दिवशी तो त्या ओळीवर छडी आपटायचा. “वाक्य लई साधं दिसतंय ना? मग समजायचं, त्यात कायतरी दडवलंय. नो एररच्या गोलाला हात लावायचा न्हाय. लावला तर हात कलम!” मुलं हसायची, पण ऐकायची. चूक शोधायच्या तंद्रीत त्यांची मान अशी वाकडी व्हायची की वाक्यात काय सांगितलंय हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नसे. बस स्टँडवरचा फलक वाचतानाही आमची मुलं त्यात चूक शोधायची. मीसुद्धा त्यांच्यातलीच होते.

हा नियम काही पुस्तकातून आलेला नव्हता. नवऱ्याच्या शेवटच्या परीक्षेत असंच एक साधंसुधं वाक्य आलं होतं. त्यानं ‘नो एरर’चा गोल भरला आणि त्यात चूक निघाली. तेवढ्यानं त्याची पोस्ट गेली. पुढच्या जाहिरातीत त्याचं वय बसेना. ऑफिसर व्हायला निघालेला माणूस मास्तर झाला आणि त्या वाक्याचा सूड त्यानं जगातल्या सगळ्या बरोबर वाक्यांवर उगवला. असं मी त्याला भांडणात एकदा म्हणाले होते. त्यावर तो जेवणाच्या ताटावरून उठून गेला होता, म्हणून पुन्हा म्हणाले नाही.

माझं इंग्रजी त्याच्याहून लंगडं. मी सास्तूरची. आमच्याकडं तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं आणि माझी पाचवी भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. वारं सुटलं की पत्रे असे वाजायचे की गुरुजींचं अर्धंच इंग्रजी कानापर्यंत पोचायचं. बाकीचं अर्धं मी आजही शोधते आहे. लेक लातूरला शिकायला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा मी नवऱ्याच्याच क्लासमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. निम्म्या वयाची पोरं मला ताई म्हणायची. हॉलमध्ये नवरा मला ‘तुम्ही’ म्हणायचा आणि मी त्याला ‘सर’. घरी गेल्यावर तो ‘तू’वर यायचा आणि मी पुन्हा ‘अहो’वर. हॉलमध्ये मी कधी शंका विचारायची नाही, कधी बोलायचं नाही, हे त्यानं सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. मास्तरची बायको वर्गात तोंड उघडायला लागली की मास्तरचं काही खरं नसतं.

एवढं सगळं सांगितलं, आता मुद्द्याचं सांगते. ती परीक्षा माझी शेवटची होती. पुढच्या जाहिरातीत माझंही वय बसणार नव्हतं. मागच्या वेळी थोडक्यात गेलं होतं. किती थोडक्यात, हे आमच्या घरात बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. या वेळी जमलं तर जमलं, नाही तर मी उरलेलं आयुष्य मास्तरीणबाई म्हणून दुसऱ्यांच्या पोस्टांचे पेढे खाणार होते. आणि मला ते पेढे नको झाले होते. दर निकालाला हसून हसून माझे गाल दुखायचे, घरी आल्यावर मी भांडी आदळायचे. मला माझी स्वतःची खुर्ची हवी होती, तहसिलात, पंचायत समितीत, कुठंही. तिच्या मागं नॅपकिन टाकायचा आणि समोरच्याला ‘बसा’ म्हणायचं, एवढंच.

परीक्षेचा दिवस रविवारचा. नवरा गेटपर्यंत सोडायला आला. आत जाताना त्यानं तेच वाक्य म्हटलं, जे तो प्रत्येक विद्यार्थ्याला म्हणतो. “नो एररच्या नादी लागू नको.” मी मान डोलावली.

मग इंग्रजीचा भाग आला. गोल पेननं भरायचे, एकदा भरला की खोडायची सोय नाही. चुकलं तर मिळवलेल्यातलं कापून जातं. एकेक वाक्य मी क्लासमधल्या सवयीनं फोडत गेले. क्रियापद बघ, काळ बघ, शब्दयोगी बघ, दोष धर, गोल भर. आणि मग ते वाक्य आलं. ‘द वुमन हू सेल्स फ्लॉवर्स / निअर द टेम्पल / हॅज नॉट कम टुडे.’ देवळाजवळ फुलं विकणारी बाई आज आलेली नाही. एवढंच. तीन तुकडे आणि चौथा पर्याय ‘नो एरर’.

मी ते वाचलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा चूक आली नाही, ती बाई आली. का आली नसेल? दुखणंबिखणं आलं की काय? घरी कुणी आजारी? आणि मग माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच एक इंग्रजी वाक्य नुसतं वाचलं होतं. ते मला कळलं होतं. त्यात काही खुपत नव्हतं. मी दोनदा, तीनदा वाचलं, तरी खुपेना.

पण भिंतीवरची लाल अक्षरं डोळ्यांपुढून हलेनात. इतकं साधं वाक्य? राज्यभरातून पोरं चाळायला काढलेल्या पेपरात? शेवटच्या तुकड्यात काळ आहे, तिथंच काहीतरी असणार. क्लासमधलं प्रत्येक पोर या क्षणी तिथंच गोल भरत असणार, हे मला माहीत होतं. पेन ‘सी’वर नेलं. हात थांबला. समोरचे पर्यवेक्षक जांभई देत होते, त्यांचा मला इतका राग आला की पेन फेकून मारावंसं वाटलं. मग मनात म्हटलं, बाई, ही शेवटची परीक्षा आहे. आज चुकायचंच असेल तर स्वतःच्या अकलेनं चूक. आणि मी ‘डी’चा गोल भरला. भरून झाल्यावर पुढचा प्रश्न मला दोनदा वाचावा लागला.

आमच्याकडं एक प्रथा आहे. परीक्षा सकाळी संपली की त्याच दुपारी क्लासमध्ये अख्खा पेपर फळ्यावर सोडवायचा. सरकारी उत्तरतालिका यायला वेळ लागतो, तोवर पोरांना धीर निघत नाही. शिवाय गावातल्या दुसऱ्या क्लासच्या आधी आपण सोडवला पाहिजे, ही नवऱ्याची खुमखुमी. मुलं उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत हातात धरून बसतात. सर फळ्यावर उत्तर सांगतात आणि प्रत्येक उत्तराला हॉलमधून एक तर ‘येस्स’ येतं, नाही तर चुकचुकणं. मला तो प्रकार कधीच आवडला नाही. न जेवता परीक्षा द्यायची आणि न जेवताच तिचं पोस्टमॉर्टेम करायचं.

मी नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. तो जिन्यात भेटला, नजरेनंच विचारलं, मी मानेनंच ‘बरा’ म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी येडशीची पोरगी होती. रोज येडशीहून येऊन-जाऊन करणारी, हुशार, माझ्यावर जीव असलेली. घरच्यांनी तिला या एकाच परीक्षेची मोकळीक दिली होती, नंतर स्थळं बघायची. तिची कार्बन प्रत घामानं ओली झाली होती. “ताई, माझी छाती बघा कशी उडायलीय,” ती म्हणाली. मी तिचा हात धरला. माझी तरी कुठं शांत होती!

नवरा सोडवत गेला. पत्रा तापलेला, पंखे नुसते गरम वारा ढकलणारे. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. उत्तरं पटापट येत होती. माझी बहुतेक जुळत होती आणि जसजशी जुळत होती तसतशी माझी भीती वाढत होती, कारण आता सगळं त्या एका गोलावर येऊन टेकणार हे दिसत होतं. काठावरच्या माणसाला एका प्रश्नाची किंमत काय असते, ते आमच्या घराला नव्यानं सांगायची गरज नव्हती.

ते वाक्य आलं. नवऱ्यानं फळ्यावर उतरवलं, मागं सरकला, एकदा डोळे फिरवले आणि हसला. “आलं का आपलं वाक्य? साधं दिसतंय ना? म्हनून तर!” त्यानं शेवटच्या तुकड्याखाली जोरात रेघ मारली. “टुडे म्हनल्यावर वेळ ठरली. वेळ ठरली की साधा भूतकाळ. डिड नॉट कम. उत्तर सी. कुणी कुणी सी मारलंय?”

हॉलभर हात वर झाले. ‘येस्स!’ असा आवाज उठला की पत्रा दणाणला. येडशीच्या पोरीनं दोन्ही हात वर केले आणि मला मिठी मारली. “ताई, तुमीबी सीच ना?”

मी माझी कार्बन प्रत उलटी करून मांडीवर ठेवली. मला वाटलं, संपलं. आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक उठली, की हा माणूस वाक्य वाचतच नाहीये. तो अजूनही आपल्या जुन्या पेपराचंच उत्तर देतोय. हात वर करून ओरडावं, ‘अहो, नीट वाचा!’ असं वाटलं. पण मी ओरडले असते तर काय झालं असतं? स्वतःचं उत्तर चुकलं म्हणून सरांची बायको भांडते, असं पोरं म्हणाली असती. नाही तर बायकोसाठी सरांनी उत्तर फिरवलं, असं. क्लास म्हणजे आमची भाकरी. मी ओठ दाबून बसले. फक्त त्याच्याकडं बघत राहिले.

तो पुढच्या प्रश्नाकडं वळणार होता. खडू टेकवला आणि वळून हॉलकडं बघितलं, सगळ्यांचे हात वर, सगळे चेहरे फुललेले. त्या गर्दीत त्याची नजर माझ्यावर आली. तिथंच थांबली.

भाजीत मीठ जास्त झालेलं असताना पाहुणे ‘छान झालीय’ म्हणतात, तेव्हा माझं जे तोंड होतं ते त्याला वीस-बावीस वर्षं पाठ आहे. मी तोंडावर काही दाखवत नाही असं मला वाटतं, पण तो म्हणतो, तुझं तोंड म्हणजे उघडं दुकान. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फळ्याकडं बघितलं. खडू खाली ठेवला. ओठ हलवत वाक्य वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मग आमच्या क्लासमध्ये कधी होत नाही ते त्यानं केलं, मराठीत सांगितलं, “देवळाजवळ फुलं विकनारी बाई आज आलेली न्हाय.” हात एकेक करून खाली आले.

“थांबा,” तो म्हणाला. “यात काय चुकलंय?”

पुढच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, “सर, तुमीच सांगितलं की आत्ता. टुडे.”

“आज अजून संपलाय का? येईल की ती बाई. अजून ऊन हाय.” त्याचा आवाज घसरला होता. “मी चुकलो. उत्तर डी. नो एरर.”

अख्ख्या हॉलनं एकाच वेळी हातातल्या कागदाकडं बघितलं. सगळ्यांचा तोच गोल काळा होता, सगळ्यांनी त्याचंच ऐकलं होतं. मग मागून कुणीतरी विचारलं, “सर, ताईंनी काय मारलंय?” दुसरा म्हणाला, “ताईंचं तोंड बघून बदललं सरांनी. मी बघितलं.”

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

नवऱ्यानं नाकारलं नाही. “व्हय,” तो म्हणाला. “बघूनच बदललं. घरात माझं काय चुकलं की हिचं असंच तोंड होतं. तिनं काय मारलंय मला ठाव न्हाय. आता तुमी या, हा खडू घ्या आन् या वाक्यातली चूक मला दाखवा. कुणीबी या.”

दोघंतिघं उठली. वाद घातले, नियमांची पुस्तकं काढली, फळ्यावर बाण काढले. एकाचीही चूक टिकली नाही. शेवटी ते बसले. येडशीच्या पोरीनं माझा हात कधी सोडला ते मला कळलंच नाही. ती म्हणाली, “ताई, मला ते बरोबरच वाटलं होतं. पन सर म्हनले होते...” ओढणीनं तोंड झाकून ती जिना उतरून गेली. पेपर अर्धा राहिला होता, तरी तिच्या मागं आणखी पोरं उठली.

माझा गोल बरोबर होता. मी आनंदानं नाचायला हवं होतं. मला राग आला. कारण ‘मला ते बरोबरच वाटलं होतं’ हे शब्द मी याआधी ऐकले होते, माझ्याच डोक्यात. मागच्या परीक्षेत. तेव्हाही एक साधं वाक्य होतं, मला ते बरोबर वाटलं होतं आणि मी भिंतीवरच्या लाल ओळीला भिऊन दुसरा गोल भरला होता. उत्तरतालिका आली तेव्हा मी तो प्रश्न बघितला आणि गप्प बसले. माझंच इंग्रजी कच्चं, असं स्वतःला समजावलं. थोडक्यात गेलं ते त्या वाक्यानं गेलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तोवर मलाच त्याचा दोष कुणावर टाकायचा ते कळलं नव्हतं. आता कळलं होतं. तो दोष समोर फळा पुसत उभा होता.

पुढचं थोडक्यात सांगते. उत्तरतालिकेत ‘डी’च आलं. माझी पोस्ट निघाली, काठावरून, पण निघाली. आज माझ्या खुर्चीमागं नॅपकिन आहे. येडशीच्या पोरीचं थोडक्यात हुकलं. तिच्या घरच्यांनी तिला आणखी एका परीक्षेची मोकळीक दिली, पण ती आमच्याकडं परत आली नाही, दुसऱ्या क्लासला गेली. स्टँडवर भेटली तर ती माझ्याशी बोलते, नवऱ्याशी नाही. क्लासमधली निम्मी मुलं त्या महिन्यात गेली. भिंतीवरची लाल ओळ नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी चुना लावून झाकली. ऑइलपेंट चुन्याला जुमानत नाही. अजून ती फिकट गुलाबी दिसते.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं. हॉलला कुलूप लावून आम्ही घरी चालत आलो. रस्ताभर मनात मी वाक्यं जुळवत होते. एकेक असं की लागलंच पाहिजे. तुमच्या एका गोलापायी तुम्ही किती पोरांचे गोल खाल्ले. माझं एक वर्ष खाल्लं. त्या पोरीचं खाल्लं. घरात शिरल्या शिरल्या म्हणायचं, असं ठरवलं होतं.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी चहाचं आधण ठेवलं.

“तू डी मारलंस ना?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“माझं ऐकलं न्हाईस, बरं झालं.” तो हाताला लागलेला खडू बोटानं चोळत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मागच्या बारीला... तुझं थोडक्यात गेलं ते. तेव्हा पन असंच झालं व्हतं का गं? तुला बरोबर वाटलं आन् माझ्यामुळं सोडलंस, असं?”

जुळवलेली सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली होती. पण तो प्रश्न त्यानं कसा विचारला, ते मी ऐकलं. स्वतःच्या शेवटच्या पेपराचा निकाल दुसऱ्यांदा ऐकायला बसावं, तसा तो उंबऱ्यावर बसला होता. आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता, हे मला न बघताही कळत होतं.

मी वळले नाही. गॅसकडं तोंड करून तशीच उभी राहिले, पातेल्यात साखर घातली, ढवळली.

“न्हाय,” मी म्हणाले. “तेव्हा माझंच चुकलं होतं.”